होबार्टहून एका दिवसात: माउंट फील्डचे धबधबे आणि उंच वृक्षांचे वन

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांनी तेथील राजधानी होबार्टहून एका दिवसात होण्याजोगी सहल विचारली, की मी माउंट फील्ड राष्ट्रीय उद्यानाचे नाव घेतो. होबार्टपासून सुमारे ७० किलोमीटरवर, सव्वा तासाच्या रस्त्यावर हे उद्यान आहे. येथील रसेल धबधब्याच्या परिसराला १८८५ मध्येच संरक्षण मिळाले होते आणि १९१६ मध्ये फ्रेसिने आणि माउंट फील्ड ही टास्मानियाची पहिली राष्ट्रीय उद्याने घोषित झाली. धबधबा तर त्याही आधीपासून इतका नावाजलेला होता, की १८९९ मध्ये टास्मानियाने निसर्गचित्रांची जी टपाल तिकिटे काढली, त्यांतील चार पेन्सच्या तिकिटावर तोच होता. ज्यांनी अशी सहल यापूर्वी कधी केलेली नाही, विशेषतः जे आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन भारतातून येत आहेत, त्यांच्यासाठी नोंदणीपासून परतीपर्यंतच्या गोष्टी येथे क्रमाने सांगत आहे.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः का जाऊ नये, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. वाहने डाव्या बाजूनेच चालतात, रस्ता चांगला आहे आणि उन्हाळ्यातील लांब दिवशी स्वतः जाणे मुळीच अवघड नाही. तरीही पहिल्या खेपेला आठ-दहा जणांच्या गटासोबत, जाणत्या मार्गदर्शकाबरोबर जावे असे मी सांगतो, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास येथील रस्त्यांवर वॉलबी आणि पॅडेमेलॉन हे कांगारूवर्गीय प्राणी आणि झाडांवर राहणारे पोसम अचानक आडवे येतात. सकाळी निघालात, की रात्री गाडीखाली आलेले प्राणी रस्त्याच्या कडेला जागोजागी पडलेले दिसतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. धबधबा कोणालाही आपोआप दिसतो, परंतु हे वन वाचता येण्यासाठी पहिल्यांदा तरी कोणीतरी बोट दाखवावे लागते.

महिना ठरवताना

येथील ऋतू आपल्या उलट असतात, हे ठाऊक असूनही सामान भरताना विसरले जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, तर जून ते ऑगस्ट हा हिवाळा. सह्याद्रीतील धबधबे पावसाळ्यात कोसळतात आणि दिवाळीनंतर बहुतेक आटून जातात. येथे पाऊस वर्षभर विखुरलेला असल्यामुळे रसेल धबधबा कोरडा पडत नाही, मात्र हिवाळ्यात आणि वसंतात त्याला भरपूर पाणी असते, तर उन्हाळ्याच्या शेवटी तो बराच रोडावतो. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना पाणी उत्तम मिळते आणि हवा लहरी मिळते.

शाळांची उन्हाळी सुट्टी लवकर लागणाऱ्या कुटुंबांना मात्र एक वेगळीच संधी असते. फॅगस हा टास्मानियाचा हिवाळ्यात पाने गाळणारा एकमेव देशी वृक्ष आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या आरंभी त्याची इवलीशी, चुण्या पडलेली पाने पिवळी, केशरी आणि तांबडी होतात. माउंट फील्डच्या वरच्या भागात हे पाहता येते, पण त्यासाठी वर डोंगरावर जावे लागते आणि साध्या एकदिवसीय सहलीत ते बसत नाही. फॅगस हेच तुमचे कारण असेल, तर तसे स्पष्ट विचारूनच नोंदणी करावी. जूनमध्ये आलात, तर सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो आणि दिवस हातात फार थोडा उरतो, हेही लक्षात असू द्यावे.

नोंदणी करण्यापूर्वीचे प्रश्न

मी या टप्प्यावर सर्वांत अधिक वेळ घालवायला सांगतो, कारण मी स्वतः येथेच चुकलो होतो. आई-बाबा पहिल्यांदा आले, तेव्हा मी ज्या सहलीच्या पत्रकावर सर्वांत जास्त ठिकाणांची नावे होती, तीच निवडली. प्राणी अभयारण्य, धबधबा, उंच झाडे, परत येताना होबार्टलगतच्या कुनान्यी (माउंट वेलिंग्टन) पर्वताचे शिखर आणि शिवाय एक बाजार, इतके सारे एका दिवसात होते. रसेल धबधब्यासमोर आम्हाला बारा मिनिटे मिळाली. आई सावकाश चालत तेथे पोहोचली, कठड्याला टेकली आणि तेवढ्यात मार्गदर्शक घड्याळ दाखवत परत फिरला. उंच वृक्षांची पायवाट तर त्या दिवशी बसच्या खिडकीतूनच ‘झाली’.

तेव्हापासून मी एकच प्रश्न आधी विचारतो: उद्यानाच्या आत प्रत्यक्ष पायी किती वेळ मिळणार? उत्तर अडीच ते तीन तासांच्या आत असेल, तर ती सहल मी सुचवत नाही, मग पत्रकावर कितीही ठिकाणे असोत. त्यानंतर गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, हे विचारावे. बारापर्यंत ठीक. त्यापुढे अरुंद पायवाटेवर मार्गदर्शकाचे बोलणे शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. उद्यानाचे प्रवेशशुल्क रकमेत धरलेले आहे की वेगळे भरायचे, दुपारचे जेवण कोणाकडे, घ्यायला गाडी तुमच्या मुक्कामाशी येते की शहरातील एखाद्या ठरावीक जागी उभे राहावे लागते, आणि हवा बिघडली तर मार्ग बदलणार की पैसे परत मिळणार, हे सारे लेखी मागून घ्यावे.

बरोबर मुले असतील, तर त्यांचे वय नोंदणीच्या वेळीच कळवावे, कारण ऑस्ट्रेलियात सात वर्षांखालील मुलाला गाडीत त्याच्या वयाचे वेगळे आसन लागते आणि ते सकाळी ऐनवेळी उपलब्ध होत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया, दमा, मधुमेह, कीटकदंशाची ॲलर्जी यांतील काहीही संकोच न करता सांगावे. येथे जॅक जंपर नावाची, उड्या मारत चालणारी काळी मुंगी आढळते आणि तिच्या दंशाने काही माणसांना गंभीर ॲलर्जी होते. ज्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्याने पूर्वी त्रास झाला आहे, त्यांनी डॉक्टरांनी दिलेले औषध जवळ ठेवावे आणि मार्गदर्शकाला ते कोठे आहे हे दाखवून ठेवावे.

शाकाहाराबाबत गोलमोल बोलू नये. येथे शाकाहारी म्हणजे अंडे आणि चीज चालते असे गृहीत धरतात आणि मासे खाणारी माणसेही कधी कधी स्वतःला शाकाहारी म्हणवतात. ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही’ असे तिन्ही गोष्टींची नावे घेऊन लिहिणे उद्धटपणाचे वाटले, तरी उपयोगाचे ठरते.

डबा आणि विमानतळावरचा कुत्रा

भारतातून होबार्टला थेट विमान नाही. मेलबर्न किंवा सिडनीला विमान बदलावे लागते, आणि येथेच पुष्कळांची गफलत होते. मेलबर्नच्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेली केळी, सफरचंदे किंवा कढीपत्त्याची जुडी पिशवीत तशीच राहते. टास्मानियात देशांतर्गत विमानाने येतानाही ताजी फळे, भाज्या आणि रोपे आणण्यावर कडक निर्बंध आहेत आणि होबार्टच्या विमानतळावर सामान हुंगणारा कुत्रा फिरत असतो. तो गोड दिसतो, पण अतिशय कर्तव्यदक्ष आहे. बाहेर पडण्यापूर्वी ठेवलेल्या पेटीत असे पदार्थ टाकून मोकळे व्हावे.

सहलीच्या दिवसाचा डबा होबार्टमध्येच करावा. दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची कोरडी चटणी आणि एखादा गुळाचा पदार्थ यांना तोड नाही, कारण ते थंड खाल्ले तरी त्यांची चव कमी होत नाही आणि हात ओले असतानाही खाता येतात. उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी कॅफे आहे, त्यामुळे गरम चहा-कॉफीची सोय होते. मार्गावर मात्र काही मिळत नाही.

कपडे आणि बूट

एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्यावेत: आत घाम शोषून लवकर वाळणारा, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा, वर पाणी न झिरपणारा. सुती कपडे आणि जीन्स टाळावी, कारण भिजली की ती दिवसभर अंगावर ओलीच राहते. डिसेंबर असला तरी लोकरीची टोपी पिशवीत असावी. धबधब्यांचा भाग सखल आहे. परंतु काही सहली उद्यानातील १६ किलोमीटरच्या कच्च्या घाटरस्त्याने डॉब्सन सरोवरापर्यंत जातात. ते सुमारे १,००० मीटरवर आहे आणि तेथे खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंडी अधिक असते. हिवाळ्यात तेथे बर्फ असते. खाली रिमझिम आणि वर हिमवर्षाव, असा अनुभव एकाच दुपारी येऊ शकतो. याउलट आकाश निरभ्र असेल, तर हवा गार असूनही ऊन फसवते. येथील अतिनील किरण तीव्र असल्याने सनस्क्रीन लावावे.

बुटांचे तळ खाचदार हवेत. नवे बूट घेतले असतील, तर ते आठवडाभर आधी घरात घालून मुरवावेत. वनात शिरण्यापूर्वी बूट साफ करण्याची सोय दिसली किंवा मार्गदर्शकाने ब्रश हाती दिला, तर तो टाळू नये. मुळे कुजवणारी एक सूक्ष्म बुरशीसदृश व्याधी बुटाला चिकटलेल्या मातीतून या वनात पसरते आणि एकदा मातीत शिरली, की तिला बाहेर काढता येत नाही.

सकाळचा रस्ता

सहली साधारणतः आठच्या सुमारास निघतात. न्यू नॉरफोक गावापर्यंत डरवेंट नदी सोबत करते. पुढे काही वाहने प्लेंटी आणि बुशी पार्कच्या बाजूने जातात. प्लेंटीला ‘सॅमन पॉन्ड्स’ नावाचे जुने मत्स्यसंवर्धन केंद्र आहे. १८६४ मध्ये इंग्लंडहून जहाजातून, बर्फात ठेवून आणलेली ट्राउट आणि सॅमनची अंडी येथे उबवली गेली. बुशी पार्कला हॉप्सची शेते लागतात. बिअरला कडवटपणा देणारी ही वेल उंच तारांवर चढवलेली असते आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला आपल्याकडील द्राक्षबागा किंवा पानमळे आठवतात. ज्यांना वळणांनी गाडी लागते, त्यांनी पुढच्या आसनाची विनंती आदल्या दिवशीच करून ठेवावी.

प्रत्यक्ष चालणे: आधी धबधबा

प्रवेशद्वारापासून रसेल धबधब्यापर्यंतची वाट जाऊन-येऊन अर्ध्या तासाची आहे. ती सपाट आणि बांधीव असल्यामुळे सोबतीच्या मदतीने चाकाची खुर्चीही पायथ्यापर्यंत जाते. काठीने चालणाऱ्या आजी-आजोबांनी येथवर निःशंक यावे. वाटेवर दोन्ही बाजूंना वृक्षनेचे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘मॅन फर्न’ म्हणतात. खोड माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून उंच, वर छत्रीसारखी पाने, आणि खाली काळपट, ओलसर, काथ्यासारख्या तंतूंचे जाड अस्तर. ते अस्तर म्हणजे नेच्याची मुळेच असतात आणि त्यांवर शेवाळ, लहान नेचे, कधी एखादे दुसऱ्या झाडाचे रोपही रुजलेले असते. हे खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढते, म्हणून आपल्या डोक्याइतक्या उंचीचा नेचा हा पणजोबांच्या वयाचा समजावा.

धबधबा समोर येतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. कठीण वालुकाश्माचे आडवे थर आणि त्यांच्यामध्ये मऊ, बारीक कणांच्या खडकाचे थर, अशी रचना येथे आहे. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, आणि पाणी एका कड्यावरून पडून कट्ट्यावर पसरते आणि पुन्हा पडते. त्यामुळे तो एका धारेचा न दिसता पडद्यासारखा दिसतो. येथे एक गोष्ट आपल्या माणसांना स्पष्ट सांगावी लागते. वर्षासहलीला जाऊन धबधब्याखाली चिंब भिजण्याची आपली रीत येथे चालत नाही. कठड्याच्या आतच उभे राहायचे असते, पाण्यात उतरायचे नसते. खडक निसरडे आहेत आणि काठावरचे शेवाळ एका पावलाने खरवडले जाते, ते भरून यायला अनेक वर्षे लागतात. छायाचित्रासाठी ढगाळ हवाच चांगली, कारण उन्हात पाणी पांढरेफटक येते. तुषार सतत उडत असल्यामुळे फोनची काच पुसायला कोरडा रुमाल आतल्या खिशात ठेवावा.

येथून वर हॉर्सशू धबधब्याकडे वाट जाते. अंतर थोडे असले तरी पुष्कळ पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना नव्हे, उतरताना काय होईल याचा विचार करून निर्णय घ्यावा. तिसरा, लेडी बॅरन धबधबा धरून संपूर्ण फेरी सुमारे ६ किलोमीटरची होते, तिला अडीच तास लागतात आणि तिच्या शेवटच्या भागातही पायऱ्यांचा मोठा चढ आहे. गट एकच असला, तरी चांगला मार्गदर्शक येथे दोन पर्याय देतो: चालणाऱ्यांना पुढे नेतो आणि इतरांना खालच्या वाटेवर निवांत सोडतो. तसे होणार आहे का, हेही नोंदणीच्या वेळी विचारता येते.

मग उंच वृक्ष

उंच वृक्षांची पायवाट सुमारे एक किलोमीटरची गोल फेरी आहे. पाट्यांवर अर्धा तास लिहिलेला असतो, आपण एक तास द्यावा. येथील राजा म्हणजे स्वॅम्प गम. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रेग्नन्स, आणि रेग्नन्स या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘राज्य करणारा’ असाच आहे. ही निलगिरीचीच एक जात, पण सामाजिक वनीकरणात रस्त्याकडेला लावलेल्या निलगिरीशी मनात तुलना करू नये. फुले येणाऱ्या वृक्षांमध्ये जगातील सर्वांत उंच जातींत हिची गणना होते. टास्मानियाच्या दक्षिणेकडील एक वृक्ष शंभर मीटरच्या आसपास मोजला गेला आहे. या पायवाटेवरचे मोठे वृक्ष ऐंशी मीटरच्या घरात जातात, म्हणजे मुंबईच्या ८५ मीटरच्या राजाबाई टॉवरपेक्षा किंचित कमी.

आकड्याने उंची कळत नाही, हे मात्र खरे. वाटेवर झाडाची उंची अजमावण्यासाठी एक साधे कोनमापक ठेवलेले आहे. त्यातून शेंड्याकडे नजर लावायची आणि कोनावरून उंची वाचायची. बाबा दुसऱ्या खेपेला आले, तेव्हा त्यांनी आधी अंदाज सांगितला, ‘चाळीस मीटर, फार तर पंचेचाळीस.’ मग उपकरणाशी डोळा लावला, मान मागे टाकली, टोपी पडली, आणि आकडा पाहून त्यांनी तो पुन्हा मोजला. मुलांना हे आवर्जून करायला द्यावे. बुंध्यापाशी उभे राहिल्यावर खालचा भाग खरबरीत दिसतो, त्याच्या वर मात्र साल लांबच लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते आणि वाऱ्यावर एकमेकींवर घासून कोरडा आवाज करते. शेंड्याला वारा असतो, तेव्हा खाली नेच्याचे पानही हलत नाही.

यानंतर जमिनीकडे पाहावे, कारण या वनाची खरी गोष्ट तेथे आहे. इतक्या अवाढव्य वृक्षांच्या पायाशी त्यांचे रोप जवळजवळ दिसत नाही. मर्टल आणि सॅसाफ्रस या सावलीत वाढणाऱ्या झाडांची पोरे मात्र पडलेल्या ओंडक्यांवर रांगेने उगवलेली असतात. स्वॅम्प गमच्या बीजाला रुजायला उघडी जमीन, राख आणि भरपूर ऊन लागते, आणि ते मोठ्या वणव्यानंतरच मिळते. वणवा जुन्या वृक्षांना मारतो, शेंड्यावरील बोंडांतून बी राखेवर पडते आणि एकाच वयाचे नवे वन उभे राहते. आग फार लवकर पुन्हा आली, तर बी धरण्याच्या वयाला पोहोचण्याआधीच ती झाडे जळतात. तीन-चारशे वर्षे आलीच नाही, तर राजा म्हातारा होऊन पडतो आणि त्याची जागा मर्टल घेतो. मार्गदर्शकाला या रोपांविषयी विचारून पाहावे. ज्याला आपले वन ठाऊक आहे, तो येथे थांबतो आणि घड्याळ विसरतो.

प्राणी, जळवा आणि इतर सोबती

पॅडेमेलॉन हा गुबगुबीत, लहान चणीचा कांगारूवर्गीय प्राणी गवतात हमखास दिसतो. त्याला काहीही खायला घालू नये, ठेपल्याचा तुकडासुद्धा नाही. टायना नदीत प्लॅटिपस राहतो, पण तो पहाटे आणि संध्याकाळी बाहेर येतो, म्हणून दिवसाच्या सहलीत तो दिसेलच असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते हसून सोडून द्यावे. साप आढळतात आणि टास्मानियातील तिन्ही जाती विषारी आहेत. वाट न सोडणे आणि साप दिसल्यास थांबून त्याला जाऊ देणे एवढे पुरेसे असते. तातडीच्या मदतीसाठी येथे ००० हा क्रमांक आहे, परंतु वनात फोनला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून गटापासून दूर जायचे असेल, तर मार्गदर्शकाला सांगूनच जावे.

ओल्या दिवशी जळवा असतात. पावसाळ्यात आंबोली किंवा कोयनेच्या जंगलात हिंडलेल्यांना त्यांचे कौतुक नसते. इतरांनी मोजे विजारीवर ओढून घ्यावेत. जळू लागलीच, तर नख त्वचेलगत सरकवून तिचे तोंड सोडवावे आणि जखम धुवून पट्टी लावावी. रक्त बराच वेळ झिरपते, पण घाबरण्याचे कारण नसते.

परतताना

रसेल धबधब्याच्या वाटेवर अंधार पडल्यावर ओल्या मातीच्या कडांवर निळसर ठिपके चमकतात. ते आपले काजवे नव्हेत. चिलटासारख्या एका कीटकाच्या अळ्या चिकट धागे सोडून, उजेडाने भक्ष्य ओढत असतात. दिवसाच्या सहलीत हे दिसत नाही. त्यासाठी उद्यानाजवळ एक रात्र मुक्काम करावा लागतो.

परतीच्या गाडीत बहुतेक जण झोपतात. येथे बक्षिसी देण्याची सक्तीची प्रथा नाही. दिलीत तर घेतली जाते, न दिल्यास कोणी तोंड वाकडे करत नाही. पुढे न्यूझीलंडला जाणार असाल, तर त्याच संध्याकाळी बुटांच्या खाचांतील माती काडीने काढून ते धुवावेत, कारण तेथील विमानतळावर चालण्याचे बूट तपासतात आणि चिखल दिसल्यास थांबवून ठेवतात. आणि खोलीत शिरून हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर पाठ टेकण्यापूर्वी प्रत्येकाने न्हाणीघरात जाऊन मोजे उलटे करून पाहावेत. आमच्याकडे तिसरी जळू नेहमी तेथेच सापडते.